अनिबालने गॅस कंपनीला फोन केला

बोएदोमध्ये माणसाला बहुतेक सगळं माफ होतं. बायकोला सोडून शेजारणीकडे राहायला गेलात, तर चार दिवस लिफ्टमध्ये कुजबुज होते आणि पुढे लोक दोघांनाही एकदमच नमस्कार करायला लागतात. भर दुपारी ड्रिल मशीन चालवलंत, वर्ल्ड कपच्या सामन्याला झोप काढलीत, तरी 'स्वभावच तसा' म्हणून सोडून देतात. पण गॅस कंपनीला फोन करणाऱ्या माणसाला बोएदोत माफी नाही. बोएदोत कशाला, अख्ख्या ब्वेनोस आयरेसमध्ये नाही.

गॅसचा वास आला की काय करायचं, हे इथे दुधाचे दात पडायच्या आत कळतं. खिडकी उघडायची, कॉक बंद करायचा आणि कोणाच्या तरी मेहुण्याला बोलवायचं. मेहुणा साबणाचा फेस लावून बघतो, कुठलासा नट आवळतो, कॉफी पितो आणि जातो. कंपनीला कळवायचं नाही, कारण कळवलं तर कंपनी येते. आणि आली की ती तुमच्या शेगडीपाशी थांबत नाही. थेट तळघरात उतरते, सगळ्या इमारतीचा गॅस बंद करते आणि सील ठोकून निघून जाते. मग नकाशे, दाखले, चाचण्या, शिक्के. तेवढ्यात इमारतीत पोरं जन्माला येतात आणि चालायलाही लागतात.

हे अनिबाल सोरोआला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. तो काही परगावचा नव्हता. पण तो सगळं आयुष्य एका नोटरीच्या कचेरीत कारकुनी करत आला होता, आणि दिवसभर शिक्के मारणाऱ्या माणसाचा हळूहळू शिक्क्यांवर विश्वास बसतो. योग्य खिडकीवर योग्य अर्ज दिला की योग्य ते होतं, असं तो मनापासून मानायचा. त्याची बायको एल्बा या श्रद्धेकडे दुसऱ्या बायका नवऱ्याच्या घोरण्याकडे बघतात तसं बघायची.

शिवाय त्या दिवसांत त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. एकुलती एक मुलगी हिमेना कायमची स्पेनला चालली होती, वालेन्सियाला. नोकरी मिळाली होती, तिकीट निघालं होतं, बॅगा उघड्या पडल्या होत्या. ती वेगळी राहायची, पण रविवारी दुपारी जेवायला आईबापांकडे यायची आणि ताटात तेच पडायचं जे तिच्या जन्मापासून पडत आलं होतं: घरी लाटून कापलेले ताल्यारिनेस, म्हणजे पास्त्याच्या लांब पट्ट्या, आणि वर तुको. सकाळी टोमॅटो, कांदा आणि मांसाचा मोठा तुकडा पातेल्यात पडायचा तो दुपारपर्यंत मंद आचेवर रटरटत राहायचा. हा तुको अनिबालच्या आईचा. आई गेल्यावर तो अनिबाल स्वतः करायचा, एल्बाला हात लावू द्यायचा नाही. आता असे मोजकेच रविवार उरले होते. त्यातला एकही वाया जाऊ द्यायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

आणि नेमकी शेगडी कुरकुरायला लागली. ज्योत पिवळी, तीही मधूनच अंग चोरणारी. एका शनिवारी सकाळी त्याला वासही आला.

"मला नाही येत," एल्बा म्हणाली. "आणि येत असेल तर खाली सेलेस्तिनोला सांग. त्याचा मेहुणा आहे."

सेलेस्तिनो हा इमारतीचा रखवालदार. त्याला एकूण किती मेहुणे होते याचा अंदाज कोणालाच नव्हता, पण प्रत्येक धंद्यात एक होता.

"मेहुण्याकडे परवाना आहे का?" अनिबालने विचारलं.

"पाना आहे."

एल्बा भाजी आणायला गेली आणि अनिबालने फोन केला.

माणसं तासाभरात आली. कुठल्याही कचेरीचं कुठलंही माणूस वेळेवर आलेलं अनिबालने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याचा ऊर भरून आला. दोन तरुण होते. बूट पुसून आत आले. त्यांनी शेगडीची चकती उचलली, आतून कधीकाळी सांडलेल्या तुकोची वाळलेली खपली खरवडून काढली आणि म्हणाले, "गळती वगैरे काही नाही सेन्योर, बर्नर चोंदला होता." ज्योत निळी झाली. अनिबाल धन्य झाला. इथे त्याने दार लावून घ्यायला हवं होतं. पण तो म्हणाला, "आलाच आहात तर सगळीच लाइन तपासून जा की."

ते तळघरात गेले.

शनिवारी दुपारी आमच्या इमारतीत काय काय शिजत असतं ते सांगायला नको. पहिल्या मजल्यावर ज्योत विझली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. स्वयंपाकघरांच्या खिडक्या जिथे उघडतात त्या डक्टमधून आवाज चढायला लागले. "एल्बा, तुझ्याकडे आहे का गं?" "नाही गं, तुझ्याकडे?" "माझे कटलेट अर्धे कच्चे!" आणि मग वरून, पाचव्या मजल्यावरून, दोन्या पेर्लाचा, म्हणजे पेर्लाबाईंचा, तो प्रश्न: "फोन कोणी केला?"

एल्बाने नवऱ्याकडे पाहिलं. अनिबाल मिठाचा डबा पुसत होता.

"असेल कोणी बिनडोक," एल्बा खिडकीतून ओरडली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण ते दोघे तरुण खरोखरच सुसंस्कृत निघाले. सगळे रहिवासी खाली जमलेले असताना त्यांनी अनिबालला गर्दीतून शोधून काढलं आणि त्याचा हात हातात घेऊन, तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सेन्योर सोरोआ, मुख्य पाइप पार गंजलाय. तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत. इतर कोणी कळवलंच नसतं!"

"खरंय," तिसऱ्या मजल्यावरचा सरकिस हळूच म्हणाला. "इतर कोणीच कळवलं नसतं."

आता ही इमारत कोणाची, ते सांगतो. सोरोआ मूळचे बास्क. दोन्या पेर्लाचे आईबाप पोलंडमधले ज्यू. सरकिस आर्मेनियन, जोडे विकायचा. पहिल्या मजल्यावरची दोन्या ओफेलिया स्पेनमधल्या गालिसियाची, आणि आपण गालिसियाच्या आहोत हे ती दिवसाला दहा वेळा सांगायची. पण रविवारी सकाळी डक्टमध्ये डोकं घातलंत तर सगळ्या मजल्यांवरून वास एकच. कोणाची आई भाड्याच्या खोल्यांच्या जुन्या वाडीत कपडे धुता धुता इटलीतल्या कालाब्रियाच्या बाईकडून शिकली होती, कोणाची न्हाव्याच्या बायकोकडून, कोणाची नुसतीच शेजारच्या पातेल्यात डोकावून. आणि आता प्रत्येकीला खात्री होती की अस्सल तुको तेवढा आपला, बाकीच्या करतात ते टोमॅटोचं पाणी.

इमारतीत खरा इटालियन एकच होता, तळमजल्यावरचा म्हातारा ब्रूनो. उत्तरेतल्या कुठल्याशा डोंगराळ खेड्यातून लहानपणी बोटीने आलेला. रविवारी तो मक्याच्या पिठाची घट्ट पेज खायचा आणि कोणाशी बोलायचा नाही.

गॅस गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी अनिबालने विजेची शेगडी आणली. ही युक्ती आपल्या एकट्यालाच सुचली, अशी त्याची समजूत होती. सकाळी पातेलं चढवलं, बटण फिरवलं, आणि त्याच घटकेला इतर सगळ्या मजल्यांवरही बटणं फिरली. खाली तळघरात मोठ्ठा आवाज झाला. गॅस तर नव्हताच, आता वीजही गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आणि लिफ्टमध्ये दोन्या ओफेलिया होती. हातात दुकानातून आणलेला ताज्या राव्हियोलींचा, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याचा, खोका. सेलेस्तिनोचा विजेचा मेहुणा येईपर्यंत उकाड्याने त्या राव्हियोलींचा एकच गोळा झाला. बाहेर आली तेव्हा ती रडत होती. त्या दिवसापासून तिने अनिबालशी बोलणं सोडलं. काही सांगायचंच झालं तर ती अनिबालच्या समोर उभी राहून सेलेस्तिनोला सांगायची, "चौथ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांना म्हणावं, पायपुसणं जिन्यात झाडू नका."

हिमेनाने त्या रविवारी हॅम-चीजचं सँडविच खाल्लं.

"पापा, एवढं काय मनाला लावून घेतोस? पुढच्या रविवारी बाहेर जाऊ या जेवायला."

"रविवारी? बाहेर?" अनिबाल असा बघत राहिला की तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. इमारतीने त्याच्याशी संबंध तोडले होते, पण सल्ला देणं म्हणजे संबंध ठेवणं असं आमच्याकडे कोणी समजत नाही. सरकिसने जिन्यात गाठून सांगितलं की डोंगरात तंबू ठोकणारे लोक नेतात तो छोटा स्टोव्ह घ्या, फक्कड चालतो. तो चाललाही. पण तो डोंगरात चहापुरता चालण्यासाठी केलेला होता. दोन किलो टोमॅटो आणि बैलाचं मांस त्यावर ठेवल्यावर त्याने थोडा वेळ प्रामाणिक प्रयत्न केला आणि मान टाकली. दुसरा रविवार गेला.

तिसऱ्या रविवारी अनिबालने शहराच्या दुसऱ्या टोकाला, मेहुणीच्या घरी जाऊन तुको शिजवला आणि पातेलं चादरीत बांधून, मांडीवर घेऊन बसने परत निघाला. ब्वेनोस आयरेसच्या बसमध्ये उकळता रस्सा घेऊन बसणारा माणूस फार भाबडा म्हटला पाहिजे. ड्रायव्हरने सिग्नलला ब्रेक मारला. पुढच्या सीटवर पांढरा सदरा घातलेले एक वयस्कर गृहस्थ होते. ते ओरडले नाहीत, हेच वाईट. पाठीला हात लावून त्यांनी बोट चाटलं आणि मागे न वळता म्हणाले, "मीठ कमी आहे."

अनिबाल रिकामं पातेलं घेऊन घरी आला. हिमेनाने त्याच्या पँटकडे पाहिलं आणि ब्रेड कापायला घेतला.

दरम्यान गॅसचं काम चालू होतं, म्हणजे अर्ज चालू होते. परवानावाला प्लंबर म्हणाला, मूळ नकाशा लागेल. नकाशा पालिकेत मिळेना. नवा नकाशा करायचा तर सगळ्या मालकांच्या सह्या लागणार होत्या. सगळ्यांनी केल्या, फक्त सातव्या मजल्यावरच्या एका मालकाची नव्हती, कारण तो वारला होता. त्याच्या फ्लॅटच्या वारसाहक्काची फाइल कुठल्याशा नोटरीकडे वर्षानुवर्षं धूळ खात पडली होती. इमारतीचा तिस्सोने नावाचा प्रशासक रोज त्या नोटरीला, त्याच्या कारकुनाला आणि कारकुनाच्या घराण्याला शिव्या घालायचा. ती फाइल कोणाच्या टेबलावर होती, ते अनिबालला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. स्वतःच्याच टेबलावर होती. मृताचे भाऊ-बहीण एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि अशा भांडणाच्या फाइली बाजूला सरकवायची पद्धत त्याच्याच कचेरीने पाडली होती. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या खिडकीसमोर रांगेत उभा होता, आणि खिडकीतला माणूस 'उद्या या' म्हणत होता.

अखेर शेवटचा रविवार समोर आला. विमान त्याच दिवशी संध्याकाळचं. अनिबालला झोप लागेना. हिमेना दूर जाणार हे त्याने कसंबसं गिळलं होतं. पण जाताना तिच्या तोंडात ओल्या सँडविचची चव असणार, आणि परदेशात कधी घर आठवलं तर तीच चव आठवणार, या विचाराने तो रात्री उठून थंड शेगडीची चकती पुसत बसायचा. आईने त्याच्या हाती एकच गोष्ट दिली होती, आणि ती त्याच्या एका फोनने बंद पडली होती.

उपाय एल्बाने काढला. "गच्चीवर मांस भाजायची भट्टी आहे ना? तिच्यावर ठेव पातेलं."

एवढं सोपं. पण गच्ची सामाईक, त्यामुळे सभा बोलवावी लागली. तिस्सोनेने नियमावली उघडली. भट्टी ही 'मांस भाजण्यासाठी' आहे, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं. तुकोतलं मांस भाजलेलं धरायचं की शिजवलेलं, यावर सभा अडली. सरकिस म्हणाला, आधी परततात म्हणजे भाजतातच. दोन्या ओफेलियाने सेलेस्तिनोला सांगितलं की त्या गृहस्थांना म्हणावं, एकाला भट्टी दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. भट्टी एक, घरं अठरा. मारामारीच व्हायची.

अनिबाल उभा राहिला. भाषण पाठ करून आला होता, कलम-उपकलमांसकट. तोंडातून निघालं ते एवढंच: "पोरगी रविवारी जाते आहे हो."

दोन्या पेर्लाने पर्समधून रुमाल काढला. तिचे दोन मुलगे कधीच परदेशी गेले होते. "द्या त्याला भट्टी," ती म्हणाली. "गाढव आहे, पण बाप आहे."

ठराव झाला: एक रविवार, एक जाळ, एक पातेलं, आणि जेवण सगळ्या इमारतीचं. सगळ्यांनी हात वर केले. गेल्या कित्येक रविवारांत त्यांच्याही पोटात तुको गेला नव्हता. अनिबालचे डोळे पाणावले. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर त्याच्या लक्षात आलं की एकच पातेलं म्हणजे एकच तुको, आणि तो तिथेच पायरीवर बसला.

रविवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी गच्चीवर गेला. तिथे ब्रूनो आधीच होता. मोडकं कपाट फोडून त्याने लाकडं केली होती आणि भट्टीपुढे मांडी ठोकून बसला होता.

"कोळसा आणलाय मी," अनिबाल म्हणाला.

"कोळसा भाजायला," ब्रूनो म्हणाला. "पातेल्याला लाकूड. आमच्या गावात असंच."

"तुमच्या गावात तुकोला लाकूड वापरायचे?"

"तुको?" म्हातारा हसला. "तुको मी इथे बोटीतून उतरल्यावर पहिल्यांदा पाहिला. गावात टोमॅटो घ्यायला कोणाकडे काय होतं? मला वाटलं ही अर्जेंटिनाची भाजी."

कपाट गळक्या तळघरात पडलेलं, लाकूड दमट. पेटलं, पण जाळापेक्षा धूर जास्त. तो पातेल्यावर घुटमळत राहिला. अनिबालने डोळे चोळत आईसारखा कांदा परतला, आईसारखं मांस परतून घेतलं, आईसारखा टोमॅटो घातला. तोवर सगळं बरोबर होतं. मग लोक वर आले.

"साखर घातलीस?" दोन्या पेर्लाने विचारलं. "आंबट होईल ना रे." आणि उत्तराची वाट न बघता मूठभर साखर आत गेली.

"साखर?" दोन्या ओफेलिया किंचाळली. "सेलेस्तिनो, त्या बाईला म्हणावं हा तुको आहे, मुरंबा नव्हे!" आणि उतारा म्हणून तिने गालिसियाच्या लाल तिखटाची डबी उपडी केली.

सरकिस खिशातून चिमूटभर जिरं काढत होता. "थोडंच. आमच्या घरी थोडंच घालतात."

"कोणी हात लावू नका!" अनिबाल ओरडला. "हा माझ्या आईचा आहे!"

"तुझ्या आईला माझ्याच आईने शिकवलाय," दोन्या पेर्ला शांतपणे म्हणाली. "एकाच वाडीत राहायच्या त्या. तुला काय माहीत, तू पाळण्यात होतास."

तो गाजर टाकायला आलेल्यांशी भांडायला वळला, तेवढ्यात मागून कोणीतरी वाइन ओतली. तिकडे एल्बाने ताल्यारिनेस खुर्च्यांवर आडव्या ठेवलेल्या झाडूच्या दांड्यांवर वाळत घातले होते. वारा सुटला आणि त्यातले निम्मे शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर गेले. तिकडचा एक माणूस पास्त्याची पट्टी डोक्यावरून काढत ओरडला, "अहो, हे काय चाललंय? पालिकेला फोन करू का?" त्यावर आमच्या गच्चीवरून एकाच वेळी इतक्या शिव्या गेल्या की तो खाली वाकला तो वर आलाच नाही.

हिमेना आली तेव्हा सगळे लांब टेबलाभोवती बसले होते. अनिबालने चमचाभर रस चाखला आणि चमचा खाली ठेवला. गोड होता, तिखट होता, जिऱ्याचा होता, आणि सगळ्याला ओल्या कपाटाचा वास होता. आई त्यात शोधूनही सापडत नव्हती. आपल्या आयुष्याचं झालं तेच या पातेल्याचं झालं, असं त्याला वाटलं: नियम धरून सुरुवात केली आणि शेवटी कोणीही येऊन काहीही टाकून गेलं.

"माफ कर मला," तो मुलीला म्हणाला. "एवढंसुद्धा जमलं नाही."

"रडतोस काय, पापा?"

"धूर आहे."

तिने ताट पुढे केलं. खाल्लं, पुन्हा घेतलं, शेवटी ब्रेडने ताट पुसलं. खूप चांगली मुलगी आहे, बापाचं मन राखते, असं अनिबालने मनात म्हटलं आणि त्याला आणखीच वाईट वाटलं. मग खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. तिने एकेकाच्या गालाला गाल लावला. दोन्या ओफेलियाने सेलेस्तिनोला बाजूला सारून तिला छातीशी धरलं. अनिबाल बॅग घेऊन उतरला, टॅक्सीचं दार लावलं, आणि टॅक्सी वळेपर्यंत हात हलवायचं विसरला.

पुढे सातव्या मजल्याची फाइल सुटली. ती कोणी सोडवली आणि त्यासाठी कोणकोणत्या भावा-बहिणींच्या पाया पडला, हे इमारतीला कळलं नाही, आणि कळूनही उपयोग नव्हता. वर्ष उलटून गेल्यावर एके दिवशी सील निघालं. रविवार परत आला. प्रत्येकाने आपापल्या घरात, दार लावून, आपापला अस्सल तुको चढवला. अनिबालनेही चढवला. निळी ज्योत, आईचं पातेलं, आत कोणी काही टाकत नव्हतं. त्याने चाखला. हुबेहूब आईचा होता. तो खुर्चीत बसून राहिला. एल्बाने विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. बरोबर झालाय."

फोन वाजला. हिमेना. तिच्याकडे तोवर संध्याकाळ होत आली होती.

"पापा, मी तुको करतेय. पण तसा होत नाही."

अनिबालच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "कांदा नीट परतलास का? आजी तर..."

"आजीचा नाही रे. तो येतो मला. गच्चीवरचा. त्या दिवशीचा. इतक्या दिवसांत प्रत्येक रविवारी करून बघितला. काय काय पडलं होतं त्यात?"

अनिबालने पातेल्याखालचा गॅस बंद केला. मग तो फोन कानाला लावून, पायात सपाता, तसाच जिना चढला. दोन्या पेर्लाने दार उघडलं. "साखर किती, म्हणून विचारतेय? मूठभर म्हणावं. पण तिची नाही, माझी मूठ." सरकिसने फोनमध्ये तोंड घालून सांगितलं की जिरं आधी कोरडं भाजायचं. पहिल्या मजल्यावर त्याने घाबरतच घंटा वाजवली. दोन्या ओफेलियाने इकडेतिकडे सेलेस्तिनोला शोधलं. तो नव्हता. मग नाइलाजाने ती थेट अनिबालकडे बघून म्हणाली, "तिखट गालिसियाचं. दुसरं घालशील तर मी जबाबदार नाही, म्हणावं." आणि दार लावता लावता म्हणाली, "पोरगी जेवते ना नीट?"

तो खाली उतरून शेवटच्या पायरीवर बसला. फोनमधून पातेल्यावर चमचा आपटल्याचा आवाज येत होता.

"घातलं सगळं," हिमेना म्हणाली. चाखल्याचा आवाज आला. "पापा, नाही. अजून काहीतरी कमी आहे."

समोर तळमजल्याचं दार होतं. आत ब्रूनो एकटा आपली पेज ढवळत असणार. अनिबाल त्या दाराकडे बघत राहिला.

"धूर," तो म्हणाला.

"काय?"

"धूर कमी आहे, पोरी. कपाटाचा."

ती हसली. मग हसायची थांबली.

"इथे विजेची शेगडी आहे, पापा," ती म्हणाली. "आणि बाल्कनीत लाकडं पेटवली तर खालून कोणीतरी लगेच अग्निशमन दलाला फोन करेल."

"करेल," अनिबाल म्हणाला. "असा एक माणूस प्रत्येक इमारतीत असतोच."